पावणेसहाचा फोन

"दिला म्हणजे कुठं दिला?"

"दुकानात दिला, आई. एक्स्चेंजमध्ये. जुना द्या, नवा घ्या. किती वेळा सांगू?"

"मला विचारून दिलास?"

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नसता दिला."

"झालं तर मग!" मुलानं दोन्ही हात वर नेऊन धपकन मांडीवर सोडले. त्याच्या मते विषय संपला होता.

काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. समोर टेबलावर नव्या फोनचं खोकं, शेजारी फोन, फोनच्या काचेवर अजून न काढलेला प्लास्टिकचा पापुद्रा. त्यांनी अजून हात लावला नव्हता. रविवार होता. त्या सकाळी बहिणीकडे गेल्या होत्या आणि फोन नेहमीसारखा बंद करून फळीवर ठेवून गेल्या होत्या. तेवढ्यात हे झालं.

सून स्वयंपाकघराच्या दारात आली. एका हातात सुरी, दुसऱ्यात अर्धा कांदा. "अहो आई, त्याची बॅटरीच गेली होती. दिवसभर कधीही लावा, बंद. मागचं झाकण तर रबरबँडनं बांधलेलं. शोभेची वस्तू होती ती, फोन नव्हता."

"रबरबँड माझं होतं."

"रबरबँड आणून देतो परत," मुलगा म्हणाला आणि एकटाच हसला. कुणी साथ दिली नाही तेव्हा त्याचा आवाज चढला. "तुला कळतंय का आई, संध्याकाळी फोन लावला आणि तो बंद लागला की माझं काय होतं ते?"

"काय होतं?"

त्यानं खोक्याचं झाकण लावलं. "काही नाही. जाऊ दे."

"त्यात नंबर होते," काकू म्हणाल्या.

"नंबर सिमकार्डात आहेत. सिम याच्यात घातलंय. तुझा नंबर तोच आहे, कुणाला काही सांगायला नको."

सिमकार्डात अकरा नावं निघाली. बाकीची जुन्या फोनच्या पोटात होती, ती त्याच्याबरोबर गेली. पण काकूंना नावांचं काही नव्हतंच. त्यांना हवं होतं ते कुठल्याच कार्डावर येत नाही, एवढं त्यांनाही माहीत होतं. त्या उठल्या, नवा फोन उचलला आणि आपल्या खोलीत गेल्या. फोन इतका हलका होता की वापरून वापरून पातळ झालेली साबणाची वडी हातात धरल्यासारखं वाटलं.

काकू म्हणजे वाइंडिंगवाल्या काकू. बाजाराच्या मागच्या गल्लीत पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचा एक कारखाना आहे. कारखाना म्हणायचं एवढंच. एक लांबट खोली, दोन टेबलं, वार्निशचा वास आणि कोपऱ्यात जळक्या तांब्याचा ढीग. तिथं काकू एकवीस वर्षं तार गुंडाळतात. पंख्याच्या एका कॉइलला चारशे वेढे. लाकडी फर्म्यावर तार धरायची, उजव्या हातानं मशीनची मूठ फिरवायची, डाव्या चिमटीतून तार सोडायची, सैल नाही आणि ओढलेली नाही. मशीनला आकडे दाखवणारी तबकडी होती ती कधीच बंद पडली. तेव्हापासून वेढे काकूंच्या तोंडी. दहा कमी पडले तर मोटर तापते, दहा जास्त झाले तर पंखा रेंगाळतो. मोजणी मध्येच तुटली तर तार उलगडून पहिल्यापासून. म्हणून काकूंचे ओठ हलत असले की मिस्त्रीसुद्धा बोलायचे नाहीत. मिस्त्री म्हणजे कारखान्याचे मालक, मोटारी उघडणारे, बसवणारे आणि गिऱ्हाइकांशी भांडणारे, सगळं एकटेच. गिऱ्हाईक जास्त बडबडलं की ते काकूंकडे बोट दाखवून सांगायचे, "हळू बोला. बाई दोनशे सत्तरवर आहेत."

यातूनच घरचा एक नियम झाला होता. काकूंना कामावर फोन करायचा तर एकदा वाजवायचा आणि कापायचा. त्या कॉइल पुरी करून, हात पुसून परत लावायच्या. वाजता फोन काकूंनी कामावर कधी उचलला नाही. काकांनाही हा नियम होता. काका म्हणजे काकूंचे यजमान, वह्यांच्या बांधणीच्या कारखान्यात होते. त्यांची सुट्टी साडेपाचला. पायी निघायचे, गल्लीच्या तोंडाशी यायचे आणि एक रिंग द्यायचे. पावणेसहाला. एकच ठोका, मग गप्प. म्हणजे आलो आहे, उभा आहे, तुझं आवर. काकू हातातली कॉइल पुरी करायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, पिशवी घ्यायच्या. मग दोघं चालत घरी. रस्त्यात फार बोलणं नसायचंच. काकांच्या बोटांना खळ लागलेली, काकूंच्या बोटांना वार्निश.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी फोन वाजला तेव्हा काकू दोनशे साठवर होत्या. तो एकदा वाजून थांबला नाही. वाजत राहिला, वाजत राहिला आणि आपोआप बंद झाला. काकूंना वाटलं, कापायला विसरले. पुन्हा वाजला तेव्हा तीनशे तीस. तोही पुरा वाजला. सकाळी दोघांचं वाजलं होतं, तेही नळाच्या वायसरवरून. काकांनी तो आणतो म्हणून चार दिवस आणला नव्हता. काकू मनात म्हणाल्या, उभे राहा की दोन मिनिटं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कॉइल बांधून झाली होती. तिसऱ्याला हात रिकामे होते. त्यांनी फोनकडे बघितलं, पडद्यावरचं 'बाबा' हे मुलानं घालून दिलेलं नाव बघितलं, आणि शांतपणे हात पुसत बसल्या. आता निघतेच आहे, तोंडावरच बोलू, असं म्हणाल्या स्वतःशी. गल्लीच्या तोंडाशी काका नव्हते. दोन गल्ल्या अलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले लोकांना सापडले होते. काकू पोचल्या तेव्हा त्यांना रिक्षात घालून नेलंही होतं. रिक्षा दवाखान्यात पोचली तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फोन आला होता हे काकूंनी कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. पण जुन्या फोनच्या यादीत ते तीन होते. 'बाबा', 'बाबा', 'बाबा', आणि पुढं वेळा. त्या यादीत वीसच मावतात; नवे न घेतलेले कॉल आले की जुने खालून गळून पडतात, हे त्यांनी मिस्त्रींना असंच कधीतरी विचारून घेतलं होतं. त्या दिवसापासून काकू कारखान्याच्या उंबरठ्यावर फोन बंद करायच्या आणि घराच्या उंबरठ्यावर चालू. घरी वाजला की पहिल्याच ठोक्याला उचलायच्या, ओल्या हातानं, जेवत्या हातानं. म्हणजे न घेतलेला कॉल एकही येणार नाही. तीन वर्षं यादीत तेच तीन सगळ्यात वर राहिले. घरच्यांना वाटलं बॅटरी गेली.

रोज रात्री झोपायच्या आधी त्या ती यादी उघडून बघायच्या. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नवा फोन घेऊन काकू आपल्या खोलीत बसल्या तेव्हा बाहेर उजेड होता. त्यांनी एक बटण दाबलं आणि फोनमधली बाई म्हणाली, "पाच." काकू दचकल्या. दुसरं दाबलं. "आठ." आकडे मोठाले, पडदा निळा, डोक्यावर विजेरीचा बारीक दिवा. बटणं नवी आणि कडक होती. जुन्या फोनवरचा पाचाचा आकडा बोटानं पुसला गेला होता, इथं सगळे आकडे सारखेच ठसठशीत होते. त्यांनी चाचपडत न घेतलेल्या कॉलची यादी काढली. पडद्यावर एकच ओळ होती. काही नाही.

"आवडला का?" सुनेनं दारातून विचारलं.

"बोलतो गं हा."

"चांगलंय की. तुम्हाला सोबत."

काकूंनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की सून कांदा चिरायला परत गेली.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्या फोनच्या दुकानात गेल्या. गल्ल्यावर मालक नव्हते, काउंटरमागं विशीतली एक मुलगी होती. नखांना निळा रंग, कानात वायर. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, एक्स्चेंजचे फोन मागं खोक्यात टाकतात. शंभर-सव्वाशे असतील. शनिवारी गाडी येते, भंगारात घेऊन जाते."

"माझ्याला रबरबँड आहे."

"मालक देणार नाहीत हो. एकदा घेतला की घेतला. मला विचारूसुद्धा देणार नाहीत." मग ती थोडी वाकली. "त्यात फोटो आहेत का कुणाचे?"

"त्या फोनात फोटो निघत नाहीत."

"मग काय आहे?"

काकूंनी पिशवीचा बंद नीट केला. मुलीनं बिलांचं पुस्तक उलटून बघितलं, मुलाच्या नावाचं बिल काढलं आणि पेननं तळहातावर काहीतरी लिहिलं. "बघते. पण आशा ठेवू नका." आशा ठेवू नका म्हणजे नाही. एवढं काकूंना कळत होतं. त्या परत आल्या आणि दुपारी दोन कॉइल पुन्हा उलगडाव्या लागल्या.

"काय काकू, आज आकडे रुसले?" मिस्त्री म्हणाले.

"आकडे कशाला रुसतील. माणसं रुसतात."

आता फोन बंद ठेवायचं कारण नव्हतं. मंगळवारी त्यांनी तो चालूच पिशवीत टाकला आणि पिशवी पाठीमागच्या खिळ्याला अडकवली. दुपारी मुलाची एक रिंग आली. त्यांनी कॉइल पुरी करून परत लावला. "चालू लागतोय ना, बघत होतो," तो खुशीत म्हणाला. मग संध्याकाळी काकू एकशे नव्वदवर असताना पिशवीत फोन वाजला. एकदा. आणि गप्प.

काकूंचे ओठ हलायचे थांबले नाहीत. एकशे एक्क्याण्णव, ब्याण्णव. हात फिरत राहिला. पण मानेमागं कुणीतरी थंड पाणी ओतावं तसं झालं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेसहाला तीन मिनिटं कमी.

चारशे झाले, बांधून झाली. त्यांनी पिशवीतून फोन काढला. दहा आकडी नंबर होता, नाव नव्हतं. काकांचा नंबर त्यांना पाठ होता. हा तो नव्हता. पण माणूस जिथं गेलं तिथं नंबर तोच कसा राहील, असा एक विचार आला आणि त्याचं त्यांनाच हसू आलं. हसू आलं, तरी परत फोन लावला नाही. लावला आणि कुणी भलतंच निघालं तर? चुकीचा नंबर, एखादी बँकवाली, कुणीही. न लावता ठेवला तर तो ज्याचा हवा त्याचा राहतो.

बुधवारी पुन्हा. पाच सत्तेचाळीस. एक ठोका.

"काकू, तुमचा फोन वाजला," मिस्त्री मोटारीतून डोकं न काढता म्हणाले.

"ऐकला."

"बघत नाही?"

"कळलं मला कोण ते."

मिस्त्रींनी डोकं काढलं. काकूंचा चेहरा बघितला आणि पुन्हा आत घातलं.

त्या आठवड्यात काकू घरी कशा बऱ्या वागत होत्या, हे सुनेनंच नवऱ्याला सांगितलं. "नवा फोन मानवला बहुतेक. जुन्याचं नाव काढत नाहीत." ते खरं होतं. जुन्या फोनमधल्या तीन कॉलांना उत्तर नव्हतं. हा रोजचा एक, जसा असायचा तसा. आलो आहे, उभा आहे, तुझं आवर. काकू सकाळी डोकं नीट विंचरून जायला लागल्या. पाच वाजल्यापासून त्यांचे कान पाठीमागं, खिळ्याकडे असायचे. वेढे मात्र एकही चुकले नाहीत. पण घराकडे चालताना त्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायच्या, उजवीकडची जागा मोकळी सोडून. आणि त्या बंद दुकानाच्या पायरीची गल्ली आली की त्यांची पावलं अशी भराभर पडायची की घरी पोचेपर्यंत धाप लागायची. सोबतीचा आनंद होता म्हणावं तर भीती कशाची होती, आणि भीती होती म्हणावं तर उद्याची वाट का बघत होत्या?

गुरुवारी मात्र त्यांनी धीर केला. ठोका आला, कॉइल बांधली, मिस्त्री हात धुवायला बाहेर गेलेले बघून हिरवं बटण दाबलं. पलीकडे वाजायला लागलं. एकदा, दोनदा. मग कुणीतरी तो कापला. चटकन, हातानं. काकू फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. पलीकडे कुणीतरी होतं, हात असलेलं कुणीतरी, आणि त्याला बोलायचं नव्हतं. हे बरोबरच होतं. त्यांनीही तेव्हा असंच केलं होतं.

शुक्रवारी दोनदा वाजला. शनिवारी तीनदा.

शनिवारचा पहिला ठोका पाच चाळीसला आला. काकू दोनशे दहावर होत्या. दुसरा तीन मिनिटांनी. तिसरा आला तेव्हा कॉइल बांधून झाली होती आणि हात रिकामे होते. सगळं तसंच, तेवढ्याच अंतरानं. काकूंनी फोन पिशवीतून काढलासुद्धा नाही; खिळ्यावरची पिशवी ओढली आणि चपला न घालताच निघाल्या. "अहो काकू, चपला!" मिस्त्री मागून ओरडले. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस खांबाला सायकल टेकवून चेन बसवत होता. बाकी कुणी नव्हतं. काकू थांबल्या नाहीत. दोन गल्ल्या पार करून त्या बंद दुकानाच्या पायरीपाशी आल्या. पायरीवर कुणीतरी झाडून काढलेला कचऱ्याचा छोटा ढीग होता, नीट गोळा केलेला, उचलायचा राहिलेला. काकू त्याच्या शेजारी बसल्या. बसल्यावर कळलं की इथून कारखान्याच्या छपराचं टोक दिसतं. हे त्यांना इतकी वर्षं माहीत नव्हतं. तीन फोन करताना ते टोक काकांना दिसत असणार.

मिस्त्री चपला हातात घेऊन शोधत आले. चपला पायाशी ठेवल्या आणि म्हणाले, "उद्या रविवार आहे. झोपा जरा."

रविवारी सकाळी फोन सापडेना. खरं तर तो काकूंच्या उशीच्या खोळीत गेला होता, पण ते कुणाला माहीत नव्हतं. काकूंनी खोली उलथीपालथी केली. "थांबा, मी रिंग देते," सून म्हणाली आणि आपला फोन कानाला लावला. खोळीतून एक ठोका आला. काकूंनी उशी झटकली, फोन बाहेर पडला, त्यांनी तो उचलला. तो गप्प होता.

"सापडला गं."

"मग कापते... थांबा." सूनबाई फोन कानाला लावून उभीच होती. तिच्या कपाळावर आठी आली. "आई, इथं रिंग जातेय अजून."

"वाजला की एकदा. थांबलाही."

"नाही हो. मी कापलाच नाही. हे ऐका." तिनं आपला फोन काकूंच्या कानाला लावला. आत रिंग जात होती. टर्र, थांबून पुन्हा टर्र. आणि काकूंच्या दुसऱ्या हातात तोच फोन मुका पडला होता. फक्त त्याचा पडदा निळा उजळला होता, आणि त्यावर सुनेचं नाव लुकलुकत होतं.

काकूंनी तो हलवून बघितला.

सून फोन घेऊन सेटिंगमध्ये शिरली. "हे बघा. वाजण्याचा प्रकार, एकदाच. असं कुणी करून ठेवलं?" मुलगा दाढीचा साबण तोंडावर घेऊनच आला. त्यानं बघितलं. "डिस्प्लेचा पीस होता तो. काउंटरवर दिवसभर वाजू नये म्हणून करून ठेवलं असेल. मलाही सुचलं नाही बघायचं. म्हणजे आई, आठवडाभर तुला जो कोणी फोन करत होता, तो एकदाच वाजत होता? आणि पलीकडचा बसलाय वाट बघत?"

काकूंनी फोन त्याच्या हातातून घेतला. यादी काढली. तो दहा आकडी नंबर आठ वेळा. त्यांनी हिरवं बटण दाबलं. या वेळी पलीकडून चटकन उचलला गेला.

"मावशी! अहो, काय तुम्ही! आठवडाभर करतेय मी!"

काकूंना आवाज ओळखू आला नाही. "कोण?"

"दुकानातली. फोनच्या. बिलावर तुमचा नंबर होता. तुमचा फोन मला मंगळवारीच सापडला, रबरबँडवाला. बाजूला काढून ठेवला होता. मालक पावणेसहाला चहाला जातात तेवढाच वेळ मिळतो मला, रोज लावला, किती वेळ वाजू दिला. तुम्ही एकदा लावलात तेव्हा नेमके ते समोर उभे, कापावा लागला. काल तीनदा लावला हो. गाडी दारात उभी होती."

"मग?"

"मालकांनी ड्रॉवर उघडला. म्हणाले हा इथं कशाला. टाकला खोक्यात." तिनं आवाज खाली आणला. "उचलायचा होता हो एकदा तरी."

"हो," काकू म्हणाल्या. "उचलायचा होता."

त्यांनी फोन ठेवला आणि खाली बघत राहिल्या. मुलगा टॉवेलनं साबण पुसत समोर बसला. "जाऊ दे ना आई. गेला तो गेला. एवढं काय होतं त्यात?"

काकूंनी मांडीवरचा पदर सारखा केला. "तुझ्या बाबांचे फोन होते. त्या दिवशीचे. तीन. मी उचलले नाहीत."

मग मुलगा म्हणाला, "पाच एक्केचाळीस, पाच चव्वेचाळीस, पाच बावन्न."

काकूंनी मान वर केली.

"त्यांच्या फोनातही होते ना, आई. लावलेले. दवाखान्यातल्या लोकांनी माझ्याकडेच दिलं होतं सगळं, पाकीट, किल्ली आणि फोन."

तीन वर्षं काकूंनी एक गोष्ट वीस ओळींच्या यादीत जपून ठेवली होती. ती पलीकडच्या बाजूलाही लिहिली जाते, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" त्यानं टॉवेलची घडी घातली, मोडली. "तुझ्यानंतर मला दोन होते. पाच चोपन्न आणि पाच सत्तावन्न. फोन खिशातच होता. समोर गिऱ्हाईक होतं, फरश्यांचे नमुने बघत होतं. पडद्यावर बाबा बघितलं आणि म्हटलं, येताना काहीतरी आण म्हणणार. वायसर वगैरे. तुझं नाव नाही घेतलं मी कधी, कारण मग माझंही घ्यावं लागलं असतं."

"अहो," सून हळूच म्हणाली. तिला हे काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बाबांचा तो फोन कुठंय?"

"आपल्या कपाटात. वरच्या कप्प्यात, माझ्या स्वेटरच्या आत."

"आपल्या कपाटात?"

"आणू का, आई? चार्ज केला तर चालू होईल. त्यात आहे सगळं."

काकूंनी त्या कपाटाच्या दिशेनं बघितलं. मधे भिंत होती, तरी बराच वेळ बघितलं. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. त्यांना एकदम पायरीवरून दिसणारं छपराचं टोक आठवलं, आणि फरश्या बघणारं ते गिऱ्हाईक, ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याला फरशी पसंत पडली होती का, असा एक भलताच प्रश्न मनात आला.

"राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या.

सुनेनं नवा फोन उचलला. तिला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून तिनं विचारलं, "आई, मग हा किती वेळ वाजायला ठेवू?"

"पुरा."

तिनं बटणं दाबली. फोनमधली बाई आकडे बोलली आणि थांबली. काकूंनी फोन घेतला, काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा नखानं धरून एका दमात ओढून काढला आणि तो चुरगाळून सुनेच्या हातात दिला.

"उद्यापासून कामावर फोन टेबलावर राहील, माझ्यासमोर," त्या उठता उठता दोघांना म्हणाल्या. "वाजला की मी उचलणार. कितीही वेढे झालेले असोत आणि कुणाचाही असो. मिस्त्रींना मी सांगेन."